उयुनीचं मिठाचं मैदान आणि लिपेसचं वाळवंट: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलिव्हियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उयुनी नावाचं गाव आहे. तिथून फोर बाय फोर गाडीत बसायचं, जगातलं सर्वांत मोठं मिठाचं मैदान पार करायचं आणि ज्वालामुखी, रंगीत सरोवरं, दक्षिणेकडचं लिपेसचं वाळवंट ओलांडत चिलीच्या सीमेपर्यंत जायचं, असा हा साधारण तीन दिवसांचा प्रवास. फोटो पाहून हरखलेले लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे आहेत. उंचीबद्दलचं उत्तर सर्वांत लांब आहे. बाकी काही वाचलं नाही तरी ते वाचा.

हे मैदान नेमकं काय आहे? आपल्या कच्छच्या रणासारखंच ना?

दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर पांढरं, इतकंच साम्य. कच्छचं रण समुद्रसपाटीला लागून आहे आणि तिथे समुद्राचं पाणी आत शिरतं. सालार दे उयुनी, म्हणजे हे उयुनीचं मिठाचं मैदान, समुद्रसपाटीपासून ३,६५६ मीटर उंचीवर आहे. अँडीज पर्वताच्या दोन रांगांमध्ये जे उंच पठार आहे, तिथून पाण्याला समुद्राकडे जायला वाटच नाही. हजारो वर्षांपूर्वी इथे प्रचंड सरोवरं होती. ती आटली, मागे मीठ राहिलं आणि त्याचा १०,००० चौरस किलोमीटरहून मोठा थर तयार झाला.

एवढ्या विस्तारात उंचसखलपणा जेमतेम एक मीटरचा आहे. त्यामुळे पृथ्वीची उंची मोजणाऱ्या उपग्रहांची उपकरणं तपासून घ्यायला शास्त्रज्ञ हे मैदान वापरतात. कवचाखाली खारं पाणी आहे. बाष्पीभवनामुळे वरचं पाणी जास्त खारट आणि जड होऊन खाली बुडतं, खालचं हलकं पाणी वर येतं. हे चक्र सतत चालू असतं. जिथे जड पाणी खाली जातं तिथे मिठाच्या कडा वाढत जातात आणि पृष्ठभागावर पंचकोनी-षटकोनी चौकटी उमटतात.

फोटोंमधला तो आरसा कधी दिसतो?

पावसाळ्यात. तिथला पाऊस डिसेंबर ते मार्च. जानेवारी आणि फेब्रुवारीत मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो, वारा पडला की आभाळ पायाखाली येतं. मे ते ऑक्टोबर मैदान कोरडं, कडक आणि पांढरंशुभ्र असतं.

एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. पाऊस भरपूर झाला की मैदान पूर्ण ओलांडता येत नाही, मैदानाच्या आतलं इन्काहुआसी नावाचं खडकाळ बेट हुकतं आणि गाडी कडेकडेनेच फिरते. कोरड्या मोसमात आरसा नाही, पण सगळा मार्ग खुला असतो. माझं मत विचाराल तर एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मे निवडा. थंडी अजून कडाक्याची नसते, रस्ते वाळलेले असतात आणि एखाद्या सखल कोपऱ्यात पाणी उरलेलं असेल तर चालक तिथे नेतात.

उंचीचा त्रास खरंच होतो का? आम्ही सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो.

होतो, आणि ट्रेकिंगच्या सरावाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. उयुनी गाव त्याच्या दुपटीहून उंच, लागुना कोलोरादा हे सरोवर सुमारे ४,२८० मीटरवर आणि तिसऱ्या पहाटे गाडी ४,९०० मीटरच्या आसपास चढते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. दम कमावलेला माणूस तिथे उलट जास्त धोक्यात असतो, कारण 'मला काही होत नाही' म्हणत तो थांबत नाही.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण वैद्यकीय नियम आहे. आता मार्ग पाहा. बरेच लोक ही सहल चिलीच्या सान पेद्रो दे आताकामाहून सुरू करतात. ते गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे. तिथून निघून पहिलीच रात्र लागुना कोलोरादाजवळ काढायची, म्हणजे एका दिवसात जवळजवळ १,९०० मीटरची उडी. रात्रभर डोकं फुटतं, उलट्या होतात आणि सरोवर पाहायचं त्राणच उरत नाही. ट्रॅव्हल कंपन्या हा मार्ग सर्रास विकतात. तुमची उंचीची सवय आधी झालेली नसेल तर तो घेऊ नका.

उलट दिशेने या. बोलिव्हियाच्या सखल भागातल्या सांता क्रूझला उतरा, तिथून सुक्रेला जा. सुक्रे सुमारे २,८०० मीटरवर आहे, हवा सुखद आहे, पांढऱ्या भिंतींचं जुनं शहर आहे. तिथे तीन-चार रात्री राहा. मग बसने पोतोसीमार्गे उयुनी गाठा आणि तिथेही एक रात्र थांबा. सहलीची पहिली रात्र मैदानाच्या काठावर साधारण त्याच उंचीवर जाते, दुसरी रात्र सर्वांत उंचावर आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही सान पेद्रोला खाली उतरता. शरीराला हाच क्रम झेपतो. ला पाझला थेट उतरणं टाळा, तिथला एल आल्तो विमानतळच ४,००० मीटरच्या वर आहे.

डोकेदुखी, भूक मरणं, झोप न लागणं ही सौम्य लक्षणं. तेवढ्यावर विश्रांती आणि भरपूर पाणी घेऊन थांबता येतं, पण ती असताना आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागणं, फेसाळ खोकला, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही धोक्याची चिन्हं आहेत. अशा वेळी लगेच खाली उतरणं हाच उपाय, सकाळची वाट पाहायची नाही. अडचण अशी की या मार्गावर खाली उतरणं सोपं नाही, सगळं पठारच उंच आहे. म्हणून आधीची तयारी इतकी महत्त्वाची.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, अनेकांना उपयोगी पडते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा. सुरुवातीचे दिवस दारू नको, झोपेची गोळी तर नकोच.

आई-बाबांना किंवा लहान मुलांना नेता येईल का?

वय हा एकटा निकष नाही. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा रक्तक्षय असेल तर नेऊ नका. गरोदरपणातही हा प्रवास नको. मधुमेह असेल तर इन्सुलिन थंडीत गोठणार नाही याची काळजी घ्यावी लागते, ते अंगाजवळच ठेवायचं. फार लहान मुलांना काय होतंय ते सांगता येत नाही, हा माझ्या दृष्टीने मोठाच धोका आहे. धट्टेकट्टे साठीतले आई-बाबा आणि सुक्रेत पुरेसे दिवस, हे जमण्यासारखं आहे. किंवा सरळ उयुनीहून एका दिवसात मिठाचं मैदान पाहून परत या. मैदान तेच असतं आणि ४,००० मीटरच्या वर जावंच लागत नाही.

तीन दिवसांत काय काय पाहतो?

पहिला थांबा आगगाड्यांचं स्मशान. उयुनी १८८९ मध्ये वसलं आणि खनिजं पॅसिफिकच्या बंदराकडे नेणाऱ्या रेल्वेमुळे वाढलं. वाफेची जुनी इंजिनं गावाबाहेर वाळूत गंजत उभी आहेत. गाड्या जायच्या ते आंतोफागास्ता बंदर एकेकाळी बोलिव्हियाचं होतं. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटलं, त्यात बोलिव्हियाने सगळा किनारा गमावला. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्या अभयारण्यातून जाता त्याला एदुआर्दो आवारोआ यांचं नाव आहे. ते त्या युद्धाच्या सुरुवातीलाच, २३ मार्च १८७९ रोजी लढताना मारले गेले. बोलिव्हियात तो दिवस आजही 'समुद्र दिन' म्हणून पाळतात. चालकाशी या विषयावर बोललात तर तो बराच वेळ बोलेल.

मग कोल्चानी. मैदानाच्या काठावरच्या या गावात कुटुंबं मीठ खरवडून ढीग लावतात, वाळवतात, आयोडीन मिसळून पिशव्या भरतात. तिथून गाडी मैदानात शिरते. साधारण ८० किलोमीटर आत इन्काहुआसी बेट आहे. हा खरं तर जुन्या सरोवरात बुडालेल्या ज्वालामुखीचा माथा. त्याच्या खडकांवर त्या सरोवरातल्या शेवाळाचे प्रवाळासारखे दिसणारे थर अजून आहेत. बेटावर पुरुषाच्या कितीतरी पट उंच निवडुंग उभे आहेत. ते वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे मोठे निवडुंग शेकडो वर्षांचे आहेत. त्यांना हात लावू नका, टेकून फोटोही नको. उत्तरेला तुनुपा ज्वालामुखी दिसतो. आयमारा या इथल्या मूळ रहिवाशांच्या कथेत तुनुपा ही आई आहे. तिचं दूध आणि अश्रू मिसळून हे पांढरं मैदान झालं.

दुसरा दिवस सरोवरांचा आणि सिलोली वाळवंटाचा. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने खालून झिजवलेला 'दगडाचा वृक्ष' इथेच आहे. रस्त्यात विकुन्यांचे, म्हणजे लामाच्या कुळातल्या रानटी प्राण्यांचे, कळप भेटतात, खडकांत सशासारखे विस्काचा बसलेले असतात. संध्याकाळी लागुना कोलोरादा. पाण्यातल्या शैवालामुळे आणि गाळामुळे ते लाल दिसतं, मधे बोरॅक्सची पांढरी बेटं आहेत. दुपारनंतर वारा सुटला की लाली गडद होते. दक्षिण अमेरिकेच्या या भागातले तिन्ही फ्लेमिंगो इथे दिसतात: चिलीयन, अँडियन आणि जेम्स. त्यातला जेम्स फ्लेमिंगो नामशेष झाला असं समजत होते, तो १९५० च्या दशकात पुन्हा सापडला. ठाणे खाडीवर किंवा उजनीला फ्लेमिंगो पाहिलेल्यांनी दुर्बीण जरूर न्यावी. जेम्सची चोच पिवळीधमक आणि छोटी, पाय विटकरी. अँडियनचे पाय पिवळे. एवढं लक्षात ठेवलं तरी ओळख पटते. काठावरून पुढे जायचं नाही. माणूस जवळ गेला की सगळा थवा उडतो आणि या विरळ हवेत उडणं त्यांनाही महाग पडतं.

तिसऱ्या पहाटे अंधारात निघून सोल दे मान्यानाला पोचायचं. जमिनीतून वाफेचे लोट आणि उकळता चिखल. वाफ पहाटेच्या थंडीत सर्वांत दाट दिसते म्हणून ही घाई. कठडे नाहीत, वरचा पापुद्रा काही ठिकाणी कच्चा आहे. चालक जिथे उभा राहील त्याच्या पुढे जाऊ नका. नंतर पोल्केसच्या गरम पाण्याच्या कुंडात बसता येतं. शेवटी लागुना वेर्दे आणि तिच्यामागे ५,९१६ मीटरचा लिकांकाबुर ज्वालामुखी. वारा नसेल तर हे सरोवर हिरवं दिसत नाही. तो नशिबाचा भाग.

गाडी कोणती असते? स्वतः भाड्याने घेऊन चालवता येईल?

जवळजवळ सगळ्या टोयोटा लँड क्रूझर, बऱ्याच जुन्या. सहा प्रवासी आणि चालक. टपावर सामान, इंधनाचे कॅन आणि स्टेपनी. सहा जणांच्या गाडीत सर्वांत मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात, म्हणून पाच जणांची गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजा. जागा रोज अदलाबदल करा.

स्वतः चालवू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मैदान सपाट दिसतं म्हणून सोपं वाटतं. पण मधे 'मिठाचे डोळे' असतात, म्हणजे कवचाला पडलेली भोकं जिथून खालचं पाणी वर येतं. मैदानाच्या कडा तर सर्वांत दगाबाज, वर मीठ आणि खाली चिखल. आत उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या माहीत असाव्या लागतात. मैदानात खुणेला काही नाही. तिथले चालक डोंगरांच्या रेषा आणि आधीच्या टायरांचे काळपट माग बघून जातात. ढग उतरले किंवा जमिनीवर पाणी असलं की हेही दिसेनासं होतं. खारं पाणी चॅसी आणि वायरिंग खातं. म्हणून पाण्यात ते अगदी हळू चालवतात आणि बाहेर आल्यावर गाडी खालून धुतात. दक्षिणेकडच्या वाळवंटात प्रश्न वेगळा. तिथे एकाच जागी दहा माग फुटतात आणि मोबाइलला रेंज नाही.

कंपनी आणि चालक कसा निवडायचा?

उयुनीच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर एजन्सी आहे आणि मार्ग सगळ्यांचा सारखाच. फरक पडतो तो चालकामुळे. मे २००८ मध्ये भर मैदानात दोन लँड क्रूझरची समोरासमोर धडक होऊन आग लागली आणि १३ माणसं गेली. चहूकडे मोकळं मैदान असताना हे घडलं, हे विसरू नका. वेग, थकवा आणि दारू हे तिथले खरे शत्रू आहेत.

पैसे देण्याआधी गाडी दाखवा म्हणा. प्रत्येक सीटला चालू पट्टा हवा. टायरची नक्षी बघा, स्टेपनी दोन असतील तर उत्तम. प्राणवायूचा सिलिंडर आहे का, त्याचा मास्क आहे का, हे स्वतः पाहा. दुसऱ्या रात्री नेमकं कुठे झोपवणार ते लिहून घ्या. विलामारसारख्या थोड्या खालच्या गावात मुक्काम असेल तर झोप बरी लागते. निघताना चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला तर गाडीत बसू नका, पैसे बुडाले तरी चालतील. गेल्या काही वर्षांत बोलिव्हियात पेट्रोल-डिझेलची टंचाई वारंवार झाली आहे, तेव्हा इंधनाची सोय कशी केली आहे हेही विचारा. सर्वांत स्वस्त सहल घेण्याचं हे ठिकाण नव्हे.

थंडी किती? काय न्यावं?

जून ते ऑगस्ट रात्री सरोवरांच्या परिसरात उणे १५ ते उणे २० अंशांपर्यंत जातात. दिवसा उन्हात जॅकेट काढावंसं वाटतं. लोकरी आतले कपडे, वारा अडवणारं जॅकेट, हातमोजे, कानटोपी हवीच. स्लीपिंग बॅग उयुनीत भाड्याने मिळते. पावसाळ्यात मिठाच्या पाण्यात उभं राहायला रबरी बूट लागतात, ते बहुतेक एजन्सी देतात.

उन्हाकडे लोक दुर्लक्ष करतात. मिठावरून ऊन उलटं फिरतं, त्यामुळे हनुवटीखाली, नाकपुड्यांत, कानामागेही त्वचा भाजते. गडद आणि बाजूने झाकलेला गॉगल नसेल तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत पटकन उतरतात, रात्री त्या अंथरुणात घेऊन झोपा.

राहण्याची आणि शौचालयाची सोय?

पहिली रात्र बहुधा मिठाच्या विटांच्या घरात, दुसरी साध्या खोलीत. वीज थोडे तास, गरम पाणी पहिल्या रात्री मिळालं तर मिळालं. वाटेतल्या शौचालयांना सुटे पैसे लागतात. बऱ्याच ठिकाणी आडोसाही नसतो. कागद आणि वापरलेले पॅड परत नेण्यासाठी पिशवी जवळ ठेवा. १९९० च्या दशकात मैदानाच्या मधोमध मिठाचं हॉटेल उभारलं होतं. सांडपाण्याची सोय नसल्याने मैदान घाण व्हायला लागलं आणि ते पाडावं लागलं. इथे टाकलेलं काही वाहून जात नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

आधी सांगितलंत तर नाही. बुकिंग करताना सांगा आणि निघताना चालकाला पुन्हा सांगा, कारण तिन्ही दिवसांचं जेवण गाडीतच भरलेलं असतं. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर चिकन वाढलं जाऊ शकतं. लामाचं मांस, कोंबडी, मासे, सगळं वेगवेगळं नाव घेऊन सांगावं. किनुआ या मैदानाच्या काठचंच धान्य आहे, त्याचं सूप पोटभर मिळतं. बटाट्यांचे प्रकारही भरपूर.

घरून मेतकूट, चटणी, चिवडा न्यायला हरकत नाही. कुकरशिवाय डाळ-तांदूळ शिजवायचा बेत मात्र नको. ४,३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही.

कोकाची पानं चघळावीत का?

कोकेन याच पानांपासून बनतं, पण बोलिव्हियात पानं कायदेशीर आहेत. आयमारा आणि केचुआ लोकांच्या पूजेत, पाहुणचारात, कष्टाच्या कामात त्यांना मान आहे. चहा घेऊन पाहा, तरतरी येते. तो उंचीवरचा इलाज आहे असं समजून औषध टाळू नका. आणि एकही पान किंवा चहाची पुडी चिलीत किंवा भारतात आणू नका, दोन्हीकडे गुन्हा ठरतो.

लस, व्हिसा, पैसे?

भारत सरकारच्या यादीत बोलिव्हिया यलो फीवरचा देश आहे. परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस मान्यताप्राप्त केंद्रातच आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मुंबईतल्या केंद्रांवर तारखेसाठी थांबावं लागतं, म्हणून महिनाभर आधीच बघा. बोलिव्हिया आणि चिली दोन्ही देशांच्या व्हिसाचे नियम बदलत असतात, ते त्यांच्या दूतावासांकडूनच तपासा. वाटेत ज्या देशात विमान बदलणार त्याचेही.

उयुनी सोडल्यावर कार्ड चालत नाही. अभयारण्याचं आणि बेटाचं शुल्क सहलीच्या दरात बहुधा नसतं, ते रोख बोलिव्हियानोत, म्हणजे तिथल्या चलनात, द्यावं लागतं. चालकाला बक्षिसी वेगळी द्या. तो तीन दिवस गाडी हाकतो, स्वयंपाक करतो आणि रात्री पंक्चरही काढतो.

लिथियममुळे हे मैदान संपणार का?

कवचाखालच्या खाऱ्या पाण्यात बॅटऱ्यांना लागणारं लिथियम आहे आणि बोलिव्हियाचा साठा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांत गणला जातो, अंदाज सुमारे २.३ कोटी टनांचा. दक्षिण काठावर यिपी इथे सरकारी कंपनीचे बाष्पीभवनाचे तलाव आहेत. या पाण्यात मॅग्नेशियम जास्त आणि पाऊसही पडतो, त्यामुळे शेजारच्या चिलीपेक्षा इथे काम कठीण जातं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद बोलिव्हियाला गेले तेव्हा लिथियम हा चर्चेचा विषय होता. हे मैदान ज्या पोतोसी प्रांतात आहे, तिथे त्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले, आमच्या जमिनीतून निघणाऱ्या संपत्तीतलं आम्हाला काय, असं विचारत. त्यानंतर एका जर्मन कंपनीबरोबरचा प्रकल्प सरकारने रद्द केला.

मैदान इतकं अफाट आहे की पांढरा पृष्ठभाग लगेच नाहीसा होईल असं नाही. चिंता गोड्या पाण्याची आहे. काठावरच्या गावांना किनुआसाठी, लामांसाठी आणि पिण्यासाठी तेच मोजकं पाणी लागतं. पर्यटकही ते वापरतात. म्हणून आंघोळ टाळता आली तर टाळा आणि गावातल्या बाईकडून किनुआ किंवा विणलेली टोपी विकत घ्या. फोटो काढण्याआधी विचारा.

चिलीच्या सीमेवर काय लक्षात ठेवायचं?

इतो काहोन या सीमाचौकीवर गाडी बदलते आणि सान पेद्रोपर्यंत तासाभराचा उतार असतो. चिलीची कृषी तपासणी फार कडक आहे. फळं, बिया, कडधान्यं, मध, दुधाचे पदार्थ, सगळं अर्जात जाहीर करावं लागतं. पिशवीत उरलेला एखादा लाडू किंवा मेथीदाणे असले तरी 'आहे' वर खूण करा. जाहीर केलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर मोठा दंड होतो. बोलिव्हियात विकत घेतलेला किनुआही त्यातच मोडतो. तो घरी आणायचा असेल तर उयुनीला परतणारी सहल घ्या आणि बोलिव्हियातूनच विमान पकडा.